बीएस्सी नर्सिंगच्या सेकंड इयरपासूनच नॉरसेटचा क्लास लावावा का?

तू विचारलंयस की सांगलीत बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, बरोबरच्या मुली आत्तापासून नॉरसेटच्या, म्हणजे एम्समधल्या नर्सभरतीच्या परीक्षेच्या, ऑनलाइन क्लासला पैसे भरतायत, पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामात, नुसता वेळ जातो, तर तूही क्लास लावावास का. लावू नकोस. अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस, पण "पोस्टिंगमध्ये नुसता वेळ जातो" हे वाचलं आणि राहवलं नाही.

मी जत तालुक्यातली, शिकले सांगलीतच. आमच्या वेळी वर्षाचा पॅटर्न होता, तुमचं २०२१ नंतर सेमिस्टर झालं. आता सातारा जिल्ह्यात ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स आहे.

माझंही दुसरंच वर्ष होतं, फिमेल मेडिसिन, संध्याकाळची पोस्टिंग. कवठेमहांकाळकडची एक आजी ॲडमिट होती, शुगर वाढलेली आणि पायाला जखम. मुलगा मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचा. त्या दिवशी वॉर्डातलं इन्सुलिन संपलं होतं म्हणून त्यानं बाहेरनं बाटली आणली, स्टीलच्या डब्यात बर्फ घालून, वर ओला रुमाल बांधून. ऑर्डर होती जेवणाआधी १२ युनिट. मी हात धुतले, ट्रे लावला, लाल टोपणाची सिरिंज घेतली, बरोबर १२ च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, बुडबुडा काढला आणि आजीच्या कॉटकडे निघाले तेवढ्यात इन्चार्ज सिस्टरनी मनगट धरलं. जुन्या जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, आवाज कधी चढायचा नाही. म्हणाल्या, "बाटली वाच." मी नाव वाचलं. "सगळी वाच, मोठ्यानं." तिसऱ्यांदा वाचताना मला खालची बारीक ओळ दिसली, १०० आययू पर एमएल, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. "आणि टोपण कुठलं लावून आलीयस?"

लाल टोपण ४० च्या बाटलीचं, केशरी १०० च्या. हे फार्माकॉलॉजीत झालं होतं, वहीत सुंदर अक्षरात लिहिलंही होतं, पण हाताला माहीत नव्हतं. लाल सिरिंजच्या १२ व्या रेघेपर्यंत ०.३ मिली येतं, आणि १०० च्या बाटलीतलं ०.३ मिली म्हणजे सरळ ३० युनिट. बाराच्या जागी तीस. आजी खायची अर्धी भाकरी आणि आमटी. रात्री घामानं भिजून बेशुद्ध पडली असती आणि सगळ्यांना वाटलं असतं की म्हातारी गाढ झोपलीय.

सिस्टरनी ती सिरिंज टाकायला लावली, केशरी काढून दिली, परत माझ्याकडूनच भरून घेतलं आणि मी टोचताना शेजारी उभ्या राहिल्या. आजी म्हणाली, "झालं व्हय बाळ? कळलं बी न्हाई." त्या रात्री मेसमध्ये माझ्या घशाखाली घास उतरला नाही. पुढं आठ दिवस रोज ड्युटीवर गेलं की सिस्टर मला फ्रिजपुढं उभं करून एकेक बाटली वाचायला लावायच्या. आज माझ्याकडं कॉलेजच्या मुली पोस्टिंगला येतात, त्यांना मी तेच करायला लावते.

विश्रामबागला रूमवर आम्ही दोघी राहायचो. माझी रूममेट हुशार, माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार. तिनं पहिल्या वर्षापासून क्लास लावलेला. पोस्टिंगला सही करायची आणि लिनन रूममध्ये बसून मोबाईलवर एमसीक्यू सोडवायची. आमच्या अभ्यासक्रमात २० नॉर्मल डिलिव्हरी स्वतः करायच्या होत्या, तिच्या लॉगबुकात निम्म्याहून जास्त सीनियरच्या वहीतनं उतरवलेल्या. मला म्हणायची, तू कर हमाली, मी परीक्षा काढते. आणि तिनं काढली, पहिल्या फटक्यात, आज ती दिल्लीला आहे. मी तिसऱ्या परीक्षेत लागले आणि तेही राज्याच्या भरतीतनं. तिचं बेसिक ४४,९०० नं सुरू झालं, माझं ३५,४०० नं. घरात भाऊ अजून हेच ऐकवतो.

मागच्या मे महिन्यात ती लग्नाला आली होती, साताऱ्यात स्टँडजवळ चहाला भेटलो, विषय परत तिथंच गेला. ती म्हणाली, वॉर्डातलं सगळं मी जॉइन झाल्यावर सहा महिन्यांत शिकले. मी विचारलं, ते सहा महिने कुणाच्या अंगावर शिकलीस? ती बोलली नाही. आम्ही अजून फोन करतो एकमेकींना, पण हा विषय काढत नाही. मला मात्र त्याचं उत्तर आजही तेच वाटतं, पेशंटच्या अंगावर शिकायचंच असतं, पण पाठीशी कुणी मनगट धरणारं उभं असताना. ते फक्त कॉलेजच्या चार वर्षांत असतं. नोकरीत लागल्यावर नाईटला ३० पेशंट आणि तू एकटी असतेस.

आता तुझ्या परीक्षेबद्दल. नॉरसेट एम्स दिल्ली घेतं, २०२३ पासून प्रिलिम आणि मेन्स असे दोन टप्पे, चुकलेल्या उत्तराला एकतृतीयांश मार्क कापतात, म्हणजे अंदाजानं ठोकून चालत नाही. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय नोकरी नाही, मग दुसऱ्या वर्षी एवढी घाई कशाला? चौथ्या वर्षी इंटर्नशिप लागली की क्लास लाव, तोपर्यंत विषय त्या त्या सेमिस्टरला नीट कर. मी एमसीक्यूचं पुस्तक उघडलं तेव्हा यू-४० सिरिंज आणि यू-१०० बाटलीचा हिशेब त्यात एका प्रश्नात होता, मला पर्याय वाचावेच लागले नाहीत. जनरल नॉलेज आणि गणित मात्र वॉर्डात शिकायला मिळत नाही, त्यात मी दोनदा मार खाल्ला, ते रोज अर्धा तास आत्तापासून कर. हे आधीपासून करण्यात रूममेटचं बरोबर होतं.

आणि हेही खरं की सगळीकडं पोस्टिंग धड नसते. कॉट रिकाम्या असतात, मुलींना नुसतं रजिस्टर लिहायला आणि स्टोअरमधनं सामान आणायला पाठवतात. तुझं तसं असेल तर चार-पाच जणी मिळून मॅडमना लेखी अर्ज द्या, सिव्हिलला पोस्टिंग मागा, आम्ही मागितली होती आणि मिळाली. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा, फॉर्म दर वर्षी वेळेत भर, क्लासचे पैसे त्यातनं निघत नाहीत पण घरच्यांना हातभार लागतो.

उद्या पोस्टिंगला गेलीस की वॉर्डाचा फ्रिज उघड. कुठल्या बाटलीवर ४० आहे, कुठल्यावर १००, आणि ट्रेमध्ये सिरिंज कुठल्या टोपणाच्या पडल्यात ते बघ. दोन्ही जुळत नसलं तर इन्चार्जला तिथल्या तिथं सांग.