नवी मुंबई ते कोल्हापूर: विमानाची ती २२ मिनिटं विसरा

वेबसाइटवर २२ मिनिटं दिसतात, मग विमानाने कोल्हापूरला जायला खरा वेळ किती लागतो, असं ठाण्यातून विचारताय म्हणून थेट सांगतो. नवी मुंबई विमानतळ ते उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, हे सरळ रेषेतलं अंतर साधारण २९० किलोमीटर. वेबसाइटवर दिसलेली २२ मिनिटं म्हणजे २९० ला ८०० ने भागलेलं उत्तर. असं विमान उडत नाही.

एटीआर-७२ या पंख्याच्या छोट्या विमानाचं गणित मांडा. सपाट उडताना त्याचा वेग ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास, पण तो वेग त्याला मिळतो कितीसा वेळ? गेटवरून हलून धावपट्टीच्या टोकाला पोचायला १०-१२ मिनिटं. मग सोळा हजार फुटांवर चढायला सुमारे १५ मिनिटं, त्यात ८५ किलोमीटर सरतात. उतरणीचा साधा हिशेब असा, की दर हजार फुटांना तीन सागरी मैल. म्हणजे सोळा हजारांना ४८ मैल, जवळपास ९० किलोमीटर. उरले ११५. पूर्ण वेगाचा प्रवास जेमतेम १४ मिनिटांचा!

यात वाऱ्याची भर पडते. नवी मुंबईची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि कोल्हापूर आग्नेयेला. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे उड्डाणही पश्चिमेकडे तोंड करून. विमान आधी समुद्राकडे जातं आणि मग वळतं. तिकडेही तेच. उजळाईवाडीची धावपट्टी ०७/२५, म्हणजे तीही साधारण पूर्व-पश्चिम; पश्चिमेचा वारा असला की उतरायचं पूर्वेकडून. वायव्येकडून आलेलं विमान धावपट्टीच्या पुढे जाऊन, वळसा घेऊन परत येतं. खिडकीतून विमानतळ मागे गेलेला दिसला की लोक घाबरतात. घाबरू नका, वैमानिक रस्ता चुकलेला नाही. उतरण आणि वळसा धरून २० मिनिटं, खाली आल्यावर आणखी ४. १२, १५, १४, २० आणि ४, बेरीज ६५ मिनिटं.

म्हणून सोसायटीच्या ग्रुपांवर जे ठासून सांगतात, की कंपन्या वेळ फुगवतात, ते मला साफ अमान्य आहे. तिकिटावरची वेळ चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंतची असते, हवेतली नव्हे. आता, थोडी सैल वेळ ठेवतात हे खरं, गर्दीच्या विमानतळांवर जरा जास्तच. आणि जेट असेल तर चढण लवकर संपते, पण इतक्या कमी अंतरात फरक काही मिनिटांचाच पडतो.

तुमच्या कामाचा हिशेब वेगळाच आहे. समजा, उड्डाण सकाळी ९ चं आहे. चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतो, गेट २५ मिनिटं आधी. साडेसातला पोचायचं तर ठाणे सव्वासहाला सोडा. कळवा, विटावा, ऐरोली, तुर्भे, उलवे या रस्त्याने जाणार असाल तर पावसाळ्यात आणखी अर्धा तास धरा, कारण विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलं की सगळंच अडतं. दहा वाजून पाच मिनिटांनी उतरलात, बॅगेला पंधरा मिनिटं, मग सीबीएसपर्यंत, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बस स्थानकापर्यंत, ९ किलोमीटर. पावणेअकरा. म्हणजे दारापासून साडेचार तास. रस्त्याने पावणेचारशे किलोमीटर आहे, घाट धरून सात तास तरी लागतात. हातात एकच छोटी बॅग असेल तर वेब चेक-इन करा, काउंटरची रांग वाचते आणि पावणेसातला निघून चालतं.