बाटलीतला साका

प्रश्न: बाई, आमचं गाव कृष्णाकाठी, मिरज तालुक्यात. आजोबांपासून मासेमारीवर घर चाललंय. मार्चमध्ये एका पहाटे जाळं काढायला गेलो तर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदी पांढरी दिसली. कटला, रोहू, चिलापी पोट वर करून तरंगत होते. मोठे कटले सगळ्यात आधी गेले. मरळ तेवढी काठाला तोंड वर काढून जिवंत होती. उजाडलं तसं निम्मं गाव पोती घेऊन नदीत उतरलं. साहेब लोक दुपारी साडेतीनला आले आणि नमुने घेऊन गेले. महिन्यानं कळलं, पाणी 'मर्यादेत' आहे, मासे उन्हानं मेले असतील. उन्हानं मासे मरतात का? परत असं झालं तर आम्ही काय करायचं? – एक मच्छीमार

उत्तर: दादा, सांगलीत कॉलेजात मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. तुमच्या पत्रातला 'साडेतीन' वाचला आणि चष्मा काढून ठेवला. ही चूक मी स्वतः केलेली आहे.

आधी उन्हाचं बघू. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसाताच्या आसपास. पण माशांना चार असला तरी निभावतं. मत्स्यजीवनासाठी नदीत किमान ४ मिलिग्रॅम हवा, असा सरकारी निकषच आहे. नुसत्या उन्हानं कटला मरत असता तर दर मार्चमध्ये मेला असता. तुम्ही आजोबांपासून नदीवर आहात, दर मार्चला मेला का?

मरळीची गोष्ट लिहिलीत ते फार बरं केलंत. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते, मागूरही घेतो. कटला-रोहूला ती सोय नाही. पहाटेची वेळ, मोठे मासे आधी, हवेवर जगणारे शिल्लक, हे सगळं ऑक्सिजन संपल्याकडे बोट दाखवतं. कीटकनाशकासारखं विष असतं तर बारकी पिल्लं, झिंगे, पाणकिडे आधी गेले असते, आणि विष पहाटेची वाट बघत नाही.

ऑक्सिजन पहाटेच का संपतो? दिवसा शेवाळ उजेडात ऑक्सिजन तयार करतं. रात्री मात्र तेही श्वासच घेतं, मासेही घेतात, तळाचा गाळही खातो. सूर्य उगवायच्या आधी नदी सगळ्यात रिकामी असते आणि दुपारी तीन-साडेतीनला सगळ्यात भरलेली. तोवर रात्री आलेलं घाण पाणीही कुठल्या कुठे गेलेलं असतं. त्यामुळे 'मर्यादेत' हा अहवाल खोटा असेलच असं नाही. तो दुपारच्या नदीचा अहवाल आहे. तुमचे मासे पहाटेच्या नदीत मेले.

आता ऑक्सिजन खाल्ला कुणी? तुम्ही पत्रात लिहिलेली दोन नावं संपादकांनी गाळली, ते योग्यच केलं. आपल्याकडे पुरावा नाही. पण एक हिशेब मांडून बघा. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशच्या एका लिटरला कुजताना ४० ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो. १०,००० लिटरचा एकच टँकर धरा, म्हणजे ४०० किलो. लिटरमागे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असलेलं ५ कोटी लिटर पाणी त्यात रितं होतं. सगळं एका रात्रीत नाही, काही दिवस लागतात, आणि वाहती नदी हवेतून थोडं भरूनही काढते. पण मार्चमध्ये बंधाऱ्याच्या मागे वाहतं पाणी असतं कुठे? शहराचं मैलापाणी, जलपर्णीचा कुजका ढीग, यांचंही गणित हेच.

माझी चूक आता सांगते. एकदा असेच मासे तरंगल्याचा फोन आला. मी मुलांना गोळा केलं, पेटी भरली, सगळ्यांचा चहा झाला आणि साडेदहाला नदीवर पोचले. बाटलीत नदीचं पाणी भरलं, मँगनीज सल्फेट घातलं, अल्कली आयोडाइड घातलं, हलवलं. झकास तांबूस-तपकिरी साका, म्हणजे गाळासारखा थर, तळाला बसला. म्हणजे ऑक्सिजन भरपूर. शेजारी हातभर लांबीचे कटले मरून पडलेले, आणि माझी बाटली सांगतेय की सगळं आलबेल. एका म्हाताऱ्या भोयानं विचारलं, "बाई, रात्री कुठं हुता?" पुढच्या वेळी मी पहाटे पाचला बॅटरी घेऊन गेले. साका दुधासारखा पांढरा बसला. पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाही. पोरं गप्प झाली.

ही विंकलरची पद्धत, १८८८ सालची, अजून चालते. गावातल्या हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांना गाठा, त्यांना जमेल. अल्कलीनं हात भाजतो, हातमोजे घाला. बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरायची, आत एक बुडबुडा राहता कामा नये. तीन ठिकाणी भरा: मासे मेलेत तिथं, त्याच्या खाली, आणि वर. 'वर' म्हणजे काठाकाठानं चालत जा, जिवंत मासे दिसेपर्यंत. जिवंत आणि मेलेले यांच्या मधल्या टप्प्यात कुठला नाला, कुठली पाइप नदीला मिळते, तिचा वेळेसकट फोटो काढा. तो फोटो आणि ती चाल मला बाटलीपेक्षाही मोलाची वाटते.

मेलेला मासा तपासायला फारसा उपयोगी नसतो, तासा-दोन तासांत कल्ले कुजायला लागतात. तडफडणारे चार-पाच धरा, पिशवीत घालून बर्फात ठेवा. बर्फात, डीप फ्रीजरमध्ये नको. गोठलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही.

फोन दोन करा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या कार्यालयात आणि मत्स्यव्यवसाय विभागात. तुमची बाटली कोर्टात चालेलच असं नाही. १९७४च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कायदेशीर नमुना मंडळाच्या माणसानंच घ्यायचा, सील करायचा. पण पांढऱ्या साक्याचा फोटो समोर असला की 'उन्हानं' म्हणताना माणूस जरा अडखळतो. ग्रामपंचायतीला सांगून जॅकवेलचा, म्हणजे गावाला नदीचं पाणी पुरवणाऱ्या विहिरीचा, उपसा बंद ठेवा. धरणातून पाणी सोडा म्हणून मागणी होईल, व्हायलाच हवी. फक्त बाटल्या त्याच्या आधी भरून झालेल्या असू द्यात.

पोत्यांचं काय? गावाला राग येईल, तरी लिहिते. ते मासे खायचे नाहीत, विकायचे नाहीत, वाळवायचेही नाहीत. ऑक्सिजन संपल्यानं मेले हा माझा अंदाज आहे, आणि अंदाजावर पोराबाळांना जेवू घालू नये. विहिरीपासून लांब खोल खड्डा काढून चुना टाकून पुरा. त्याआधी मोजा, वजन करा, पंचनामा मागा.

नुकसानभरपाईसाठी पुण्याला हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. २०१०च्या कायद्यात भरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत आहे. पर्यावरणाच्या इतर तंट्यांना मात्र सहाच महिने, तेव्हा वकिलाकडे लवकर जा. पहिला सवाल येईल, रोज किती मासा मिळत होता? मच्छीमार संस्थेच्या वहीत रोजची पकड लिहिलेली असते का हो? नसेल तर आजपासून लिहा.

प्रश्न: मी पाटण तालुक्यातली, माहेर दाभोळ खाडीच्या काठचं. खाडीतही असे मासे तरंगतात. बाईंचं नदीचं शास्त्र तिथं चालेल का? – एक वाचक

उत्तर: ताई, तुमच्या कोयनेचं पाणी तुमच्या आधीच माहेरी जातं. पोफळीच्या वीजघरातून, कोळकेवाडीतून वाशिष्ठीत, आणि तिथून दाभोळच्या खाडीत. पण खाडी नदीसारखी एकाच दिशेला वाहत नाही. भरतीला पाणी वर चढतं, त्यामुळे घाण आलेलं तोंड मेलेल्या माशांच्या खालच्या बाजूलाही असू शकतं. काठ दोन्ही बाजूंना चालावा लागेल. खारं पाणी जड, ते तळाला बसतं, आणि तेवढ्याच उष्णतेला त्यात ऑक्सिजन सुमारे पाचवा हिस्सा कमी मावतो. म्हणून बाटली तळाची वेगळी, वरची वेगळी. तिसऱ्या (खाडीतली छोटी शिंपली) आणि इतर शिंपल्यांना पळता येत नाही. त्या तोंड उघडून मेल्या असतील तर आधी तळ बघा.

माहेरी जो बाटली भरेल त्याला सांगा, बाटलीवर वेळेसोबत 'भरती' की 'ओहोटी' तेही लिहायचं. पेन्सिलनं लिही म्हणावं, साधी शाई ओल्या लेबलावर पसरते.