येणंजाणं की देवाणघेवाण?

प्रश्न विचारणाऱ्या ताई अनुवादाची कामं करतात. त्यांच्याकडे एका संस्थेचं माहितीपत्रक आलं आहे. अमेरिकेतली आणि आशियातली ‘लीडर’ मंडळी एकमेकांच्या देशांत जाऊन काही आठवडे राहतात, कामं बघतात, माणसांना भेटतात, असा ‘एक्स्चेंज प्रोग्राम’ ही संस्था चालवते. पहिल्या वाक्याचं ताईंनी केलेलं मराठी असं: ‘अमेरिकी व आशियाई नेत्यांमध्ये परस्पर सामंजस्य निर्माण करणारा ना-नफा विनिमय कार्यक्रम.’ त्या लिहितात, ‘चूक कुठे दिसत नाही, पण वाचवतही नाही. विनिमय, देवाणघेवाण, आदानप्रदान, अदलाबदल, यांतलं काय घेऊ?’

ताई, चारही शब्द आपापल्या जागी चोख आहेत. पण चौघांचा धंदा वस्तूंचा. माणसं आली की चौघेही अडखळतात.

अदलाबदल होते ती छत्र्यांची, चपलांची, फार तर दवाखान्यातल्या रिपोर्टांची, आणि बहुतेक वेळा चुकून. विनिमय हा बाजारातला आणि बँकेतला शब्द. वस्तुविनिमय, परकीय चलन विनिमय. ‘विचारविनिमय’ तेवढा त्यातून सुटून घरगुती झाला. आदानप्रदान ऐकायला भारदस्त. त्यात आधी आदान, म्हणजे घेणं, आणि मग प्रदान, म्हणजे देणं. हिंदीतलं ‘लेनदेन’ही घेण्यापासूनच सुरू होतं. आपली देवाणघेवाण आणि जुनी देवघेव मात्र देण्यापासून. यावरून मराठी माणूस जास्त उदार ठरत नाही, कारण तोच माणूस ‘मला काही देणंघेणं नाही’ म्हणतानाही देण्यापासूनच सुरुवात करतो.

आता ‘नेत्यांची देवाणघेवाण’ असं मोठ्यानं म्हणून बघा. डोळ्यांसमोर सीमेवरचा पूल येतो, इकडून दोन कैदी, तिकडून दोन कैदी. ‘कल्पनांची’, ‘अनुभवांची’, ‘पुस्तकांची’ असं काही पुढे असेल तर देवाणघेवाण निर्धोक चालते. माणसं द्यायची-घ्यायची म्हटली की शब्द दगा देतो.

खरं म्हणजे माणसांच्या देवाणघेवाणीला मराठीत एक अस्सल शब्द आहे: साटंलोटं. आपली मुलगी त्यांच्या घरात द्यायची, त्यांची आपल्या घरात आणायची. दोन घरं एकमेकांना कायमची बांधली जातात, एकमेकांशी नीट वागणं दोघांच्याही फायद्याचं. आंतरराष्ट्रीय संबंधांवरच्या जाडजूड पुस्तकांत याहून फार वेगळं काही सांगितलेलं नसतं. पण हा शब्द बिचारा वाईट संगतीला लागला. आज ‘नेत्यांचं साटंलोटं’ म्हटलं की पुढचा शब्द ‘बिल्डर’ किंवा ‘ठेकेदार’ असतो. तेव्हा तुमच्या पत्रकात त्याला प्रवेश नाही.

मात्र या क्षेत्राच्या इतिहासात तो अगदीच गैरलागू नाही, हेही सांगून ठेवतो. सॅन फ्रान्सिस्कोची एशिया फाउंडेशन ही संस्था 1951 साली वेगळ्या नावाने निघाली आणि 1954 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. आशियातल्या लेखक, शिक्षक, विद्यार्थी, अधिकारी मंडळींशी संबंध जोडायचे, त्यांना मदत करायची, असं तिचं काम. तिच्यामागे सीआयएचा पैसा होता हे 1967 मध्ये उघड झालं. म्हणजे वरून देवाणघेवाण, आतून साटंलोटं. पुढे तिला अमेरिकी काँग्रेसकडून उघडपणे निधी मिळू लागला आणि ती आजही चालू आहे. ‘ना-नफा’ या शब्दाने नफा कोणाचा नाही एवढं कळतं, पैसा कोणाचा ते कळत नाही.

ना-नफा आलाच आहे तर तो उरकून घेऊ. आपल्या कानाला ‘ना नफा ना तोटा तत्त्वावर’ची सवय आहे, त्यामुळे ‘ना-नफा कार्यक्रम’ वाचल्यावर स्वस्त धान्याचं दुकान किंवा गृहनिर्माण योजना आठवते. ‘सेवाभावी संस्था’ लिहा. संस्था कायद्याने ट्रस्ट असेल तरच ‘विश्वस्त संस्था’. आणि ते विशेषण संस्थेला लावा, कार्यक्रमाला नको.

पुन्हा मूळ शब्दाकडे येतो. आमच्या घरी, सांगलीला, लहानपणी एकदा चार रात्री एक अमेरिकन पाहुणा राहिला होता. रोटरीची ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ नावाची योजना होती, 1965 पासून 2013 पर्यंत चालली. दोन देशांतले दोन रोटरी प्रांत जोडी जमवायचे. स्वतः रोटरीचे सदस्य नसलेले काही तरुण नोकरदार-व्यावसायिक आणि त्यांच्यासोबत एक रोटेरियन प्रमुख अशी तुकडी चार-सहा आठवड्यांसाठी जायची, घराघरांत राहायची, आपापल्या धंद्यातलं काम बघायची. मग तिकडची तुकडी इकडे. वडिलांचे डॉक्टर मित्र रोटरीत होते, त्यांच्या घरी सोय होईना म्हणून हा पाहुणा आमच्याकडे उतरला. व्यवसायाने तो मातीची तपासणी करणारा. आईने शेजारणीला त्याची ओळख करून दिली ती अशी: ‘हे अदलाबदलीचे पाहुणे.’ शेजारणीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, ‘मग यांच्या बदल्यात तुमच्याकडचं कोण गेलंय?’

तो प्रश्न विनोदाचा म्हणून आमच्या घरात वर्षानुवर्षं सांगितला जायचा. मला आता वाटतं, भाषेच्या अंगाने तिने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. मराठी शब्द उच्चारला की दुसरी बाजू मागितली जाते. अदलाबदल म्हटलीत ना, मग बदल्यात कोण? देवाण सांगितलीत, घेवाण कुठे आहे? इंग्रजीतला ‘एक्स्चेंज’ हा हिशेब मागत नाही. माणसं एकाच दिशेने जात असली तरी तो खुशाल मिरवतो.

आणि या क्षेत्रातले काही नावाजलेले कार्यक्रम एकाच दिशेचे आहेत. ल्यूस स्कॉलर्स हा 1974 पासूनचा कार्यक्रम घ्या. ‘टाइम’ साप्ताहिकाचे एक संस्थापक हेन्री ल्यूस यांचा जन्म चीनमधला, मिशनऱ्याच्या घरातला. त्यांनी काढलेलं प्रतिष्ठान आशियाची फारशी ओळख नसलेल्या तरुण अमेरिकनांना वर्षभरासाठी आशियात पाठवतं. ओळख नसणं हीच तिथली पात्रता, हे मला फार आवडतं. पण यात जाणारे फक्त अमेरिकन. मॅन्सफील्ड फेलोशिपचंही तसंच. 1994 च्या अमेरिकी कायद्याने ती निघाली. अमेरिकेचे सरकारी अधिकारी जपानला जातात, भाषा शिकतात, तिथल्या सरकारी खात्यांत बसून काम करतात. व्यवहार हाताळते एक सेवाभावी संस्था. अशांना ‘देवाणघेवाण’ म्हणणं म्हणजे शेजारणीच्या तावडीत सापडणं. त्यांना ‘अभ्यासवर्ष’, ‘अभ्यासदौरा’, ‘निवासी शिष्यवृत्ती’ असं म्हणावं. म्हणून ताई, आधी मूळ पत्रकात बघा, कोण कुठे जातं. ते कळल्याशिवाय मराठी शब्द निवडता येणार नाही.

दोन्हीकडून ये-जा असेल तर? इथे जपानी लोकांकडे बघण्यासारखं आहे. 1967 साली जपानमधल्या शिमोदा या बंदराच्या गावी अमेरिकी आणि जपानी खासदार, अभ्यासक, उद्योजक अशी मंडळी बिनसरकारी बैठकीसाठी जमली. गाव मुद्दाम निवडलेलं. अमेरिकेचा जपानमधला पहिला वाणिज्यदूत, टाउनसेंड हॅरिस, 1856 मध्ये इथेच येऊन राहिला होता. या शिमोदा परिषदेच्या खटपटीत तादाशी यामामोतो नावाचे जपानी गृहस्थ होते. दोन्ही देशांच्या खासदारांच्या भेटीगाठींचा कार्यक्रम 1968 मध्ये सुरू झाला आणि 1970 मध्ये यामामोतोंनी जी संस्था काढली तिच्या इंग्रजी नावात ‘इंटरनॅशनल एक्स्चेंज’ आहे. जपानी नावात त्या जागी आहे ‘कोकुसाइ कोऱ्यू’. कोकुसाइ म्हणजे आंतरराष्ट्रीय. ‘कोऱ्यू’मध्ये दोन चिन्हं: एकाचा अर्थ एकमेकांत मिसळणं, ओलांडणं, आणि दुसऱ्याचा प्रवाह. देणं नाही, घेणं नाही, बदला नाही. दोन वाहती पाणी एकमेकांत शिरतात, एवढंच. गंमत म्हणजे घरातल्या विजेचा जो प्रवाह क्षणात इकडे, क्षणात तिकडे वाहतो, ज्याला आपल्या पाठ्यपुस्तकात ‘प्रत्यावर्ती’ असं दाताखाली खडा आल्यासारखं नाव आहे, त्यालाही जपानीत ‘कोऱ्यू’च म्हणतात. एकाच दिशेने वाहणाऱ्याला वेगळा शब्द आहे. शेजारणीला हे फार पटलं असतं.

मराठीत याच्या तोडीचा शब्द शोधायला कोशात जावं लागत नाही. ‘त्यांच्याकडे आमचं येणंजाणं आहे.’ बस. या वाक्यात किती काय आहे बघा. ओळख आहे, पण नातं असलंच पाहिजे असं नाही. दोन्ही बाजू हलतात. एकदा येऊन गेलेल्याला येणंजाणं म्हणत नाहीत, ते चालू राहावं लागतं. हिशेब आहे, पण वहीत मांडलेला नाही. तुम्ही तीनदा आलात, आम्ही एकदा, तरी चालतं. आणि याचा नकार किती बोलका: ‘त्यांचं आमचं येणंजाणं बंद आहे.’ भांडणाचा उल्लेखही न करता भांडण सांगून होतं. 1949 नंतर अमेरिका आणि चीन यांचं असंच येणंजाणं बंद होतं. 1971 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे टेबल टेनिस खेळाडू चीनला गेले. दुसऱ्या वर्षी चिनी खेळाडू अमेरिकेत आले, तेव्हा त्यांच्या पाहुणचारात पुढाकार होता 1966 मध्ये स्थापन झालेल्या, अमेरिका-चीन संबंधांसाठीच काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका सेवाभावी समितीचा. या दुसऱ्या दौऱ्याला ‘परतभेट’ म्हणावं. पहिली भेट कुतूहलाने होते, येणंजाणं परतभेटीपासून सुरू होतं.

शीर्षकात ‘येणंजाणं कार्यक्रम’ शोभणार नाही, हे मान्य. एसटीच्या वेळापत्रकासारखं वाटेल. शीर्षकात ‘आदानप्रदान’ ठेवा, किंवा सरळ ‘एक्स्चेंज’. रोटरीवाल्यांनी इतकी वर्षं ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ला ‘जीएसई’च म्हटलं, कोणाचं काही अडलं नाही. पण आतल्या मजकुरात नाम बाजूला ठेवून क्रियापदं वापरा. जातात, राहतात, बघतात, परत बोलावतात.

तीच गोष्ट ‘सामंजस्या’ची. मुळात सुरेख शब्द, ‘समंजस’पासून आलेला. पण ‘सामंजस्य करार’ इतके झाले आहेत की आता त्याला फाइलीचा आणि सह्यांच्या पेनाचा वास येतो. ‘समज’ घ्यावी तर पोलीस ‘समज देऊन’ सोडतात. ‘समजूत’ काढावी लागते, आणि ती बहुधा चुकीची असते. गंमत आहे, ‘गैरसमज’ या शब्दाला कसलीच अडचण नाही, तो जिथे ठेवाल तिथे बसतो. त्याच्या उलट अर्थाचं नाम मात्र काही केल्या हाताला लागत नाही. कारण आपण ते क्रियापदात ठेवलंय: समजून घेणं. त्या ‘घेणं’ला हात लावू नका. समजणं आपोआप होतं, समजून घ्यायला मनापासून बसावं लागतं.

‘नेते’ काढाच. मूळ पत्रकात जी यादी आहे तिच्यात तुम्हीच लिहिता, पत्रकार आहेत, जिल्ह्याचे अधिकारी आहेत, एक शाळा चालवणारी बाई आहे. मराठीत नेता म्हटला की फ्लेक्स आलाच, त्यावर ‘युवा नेतृत्व’ आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे. ‘पुढारी’ एके काळी असा मानाचा शब्द की कोल्हापूरच्या दैनिकाने नाव म्हणून घेतला. आज कोणाला तोंडावर पुढारी म्हणून बघा. ‘धुरीण’ मला आवडतो. धुरा म्हणजे जू, ते मानेवर घेणारा तो धुरीण, म्हणजे मुळात बैलच. पण तो आता अग्रलेखापुरता उरला. ‘निरनिराळ्या क्षेत्रांतली कर्ती माणसं’ म्हणा. कर्ता म्हटलं की घरातला असो की गावातला, त्याच्यावर काहीतरी अवलंबून आहे हे कळतं.

तर माझं वाक्य असं होईल: ‘अमेरिकेतल्या आणि आशियातल्या कर्त्या माणसांनी एकमेकांकडे जावं, राहावं आणि एकमेकांना समजून घ्यावं, यासाठी ही सेवाभावी संस्था आदानप्रदान कार्यक्रम चालवते.’ लांब झालं, पण एका दमात वाचता येतं.

‘फेलो’ला सरकारी शब्द ‘अधिछात्र’. प्रमाणपत्रावर चालेल. तोंडी कोणी म्हणणार नाही, तेव्हा ‘फेलो’च राहू द्या.

शेवटच्या पानावर ‘होस्ट फॅमिली’ आहे आणि तुम्ही ‘यजमान कुटुंब’ केलंय. ते तसंच ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या. माझी आजी नवऱ्याला ‘आमचे यजमान’ म्हणायची आणि आजोबा बायकोला ‘आमचं कुटुंब’. तिच्या वयाच्या कोणी हे पत्रक वाचलंच, तर पाहुण्याची सोय एका नवरा-बायकोकडे केली आहे, एवढं तिला नक्की कळेल.