‘हे अजून आले नाहीत का गं?’

ताई,

माझी आई ७६ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. ती माझ्याकडेच असते. आयुष्यभर शिवणकाम करून तिने आम्हाला वाढवलं. बाबांना जाऊन ११ वर्षं झाली, पण रोज संध्याकाळी ती विचारते, ‘हे अजून आले नाहीत का गं?’ मी खरं ते सांगते. मग ती रडते, ‘मला कुणी कळवलं कसं नाही’ म्हणते, आणि तासाभराने पुन्हा तोच प्रश्न. मागच्या महिन्यात तिच्या बांगड्या सापडेनात, तर शेजारणीसमोर मलाच चोर म्हणाली. आंघोळीवरून रोज वाद. कात्री, सुया, शिवणयंत्र सगळं मी उचलून ठेवलंय, गॅसजवळ फिरकू देत नाही. दिवसभर खिडकीशी बसून असते. भाऊ परगावी. आठवड्यातून एकदा फोन करतो, आणि त्याच्याशी आई इतकी छान बोलते की तो मला म्हणतो, ‘तू उगाच बाऊ करतेस.’ परवा मी तिच्यावर ओरडले, दंड धरून ओढत न्हाणीघरात नेलं. दंडावर माझी बोटं उमटली. तेव्हापासून मला झोप नाही. तिच्याशी खोटं बोलू का? आणि तिला घरी सांभाळणं मला झेपेल का?

– थकलेली लेक

लेकी,

आधी दंडाचं बोलू, कारण बाकीचं पत्र तू त्याच्याभोवतीच लिहिलं आहेस. ओढलंस ते चुकलंच. तुलाही ते माहीत आहे, मी आणखी काय सांगू? पण दोन वर्षं रात्रंदिवस एकटीने हे करणाऱ्या माणसाचा हात कधीतरी सुटतो. पुन्हा तशी वेळ आली तर ती सुरक्षित बसली आहे ना एवढं बघ आणि खोलीबाहेर निघून जा. दहा मिनिटांनी परत ये. आंघोळ राहिली तर राहिली.

आता तुझा पहिला प्रश्न. मेंदूत नव्या घटनांची नोंद करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. अल्झायमरमध्ये तो फार लवकर पोखरला जातो. त्यामुळे आईला ४० वर्षांपूर्वीची संध्याकाळ स्पष्ट दिसते आणि तू तासापूर्वी सांगितलेलं कुठेच लिहिलं जात नाही. ती हट्टाने पुन्हा विचारत नाही. तिच्यासाठी तो प्रश्न दर वेळी पहिलाच असतो.

भावनेचं मात्र असं नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमर असलेल्या १७ जणांना चित्रपटांतले दुःखी आणि आनंदी प्रसंग दाखवले. थोड्याच वेळात काय पाहिलं हे बहुतेकांना धड सांगता येईना, पण मनावरचं मळभ किंवा प्रसन्नता तशीच होती. ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख तर जास्त वेळ टिकलं. आता तुझ्या घरातली संध्याकाळ बघ. बाबा गेल्याची बातमी पुसली जाते आणि हुंदका मागे उरतो. आपण का रडतोय हेही तिला कळत नाही. तू रोज खरं सांगतेस आणि ती रोज नव्याने विधवा होते. इतकं खरं कुणाच्या उपयोगाचं?

म्हणजे खोटं बोलायचं का? ‘ते परगावी गेलेत, उद्या येतील’ अशी कथा रचावी असं मला वाटत नाही. मग ती वाट बघत बसते, दाराशी फेऱ्या घालते. मधली एक वाट आहे. संध्याकाळ ही बाबांची कामावरून परतायची वेळ असणार. ती तारखेचं किंवा मृत्यूचं काही विचारतच नाही. दिवस कलला, घरात कुणीतरी कमी आहे, एवढंच तिला जाणवतंय. त्याला उत्तर दे. ‘तुला आठवण आली ना त्यांची?’ म्हण, शेजारी बस, बाबांची एखादी गोष्ट तूच सुरू कर. बहुतेक वेळा प्रश्न तिथेच विरघळतो. कधी तिने सरळ तुझ्याकडे बघून ‘ते गेले ना गं?’ असं विचारलं, तर हात हातात घेऊन ‘हो’ म्हण. तिला त्या क्षणी कळलेलं असतं. ते नाकारू नकोस.

‘मला घरी जायचंय’ हे वाक्यही आज ना उद्या ऐकशील, स्वतःच्याच घरात. ‘अगं, हेच तुझं घर’ असं पटवत बसू नकोस. अंगणात एक चक्कर मारून या.

हे शहाणपण मला फार उशिरा आलं. माझ्या सासऱ्यांना हाच आजार होता. मी रोज सकाळी त्यांच्यासमोर उभी राहून विचारायची, ‘ओळखा पाहू मी कोण?’ मला वाटायचं, मेंदूला व्यायाम होतो. एकदा ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि अदबीने म्हणाले, ‘नाव आत्ता आठवत नाही, पण तुम्ही घरच्याच आहात.’ परीक्षा घेणं त्या दिवशी बंद केलं. आल्या आल्या ‘मी सूनबाई, बाबा’ असं सांगायला लागले. पुढे ते कपाटाच्या आरशातल्या स्वतःलाच ‘या, बसा ना’ म्हणायचे, आणि तो म्हातारा बसत नाही म्हणून कष्टी व्हायचे. आरशावर चादर टाकली, पाहुणा गेला.

बांगड्यांचं थोडक्यात. ती वस्तू जपून ठेवते, ठेवल्याचं विसरते आणि मग रिकाम्या जागेला काहीतरी कारण तर हवं. सतत आसपास असणाऱ्या माणसावरच आळ येतो, म्हणजे तुझ्यावर. खुलासे देऊ नकोस. ‘बांगड्या नाहीत? अरेरे. चल, दोघी शोधू’ एवढंच. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात, त्या तुला महिन्याभरात पाठ होतील. खऱ्या बांगड्या तू सांभाळ आणि तशाच दिसणाऱ्या स्वस्तातल्या तिच्याजवळ राहू देत. आणि शेजारणीला आजाराचं नाव घेऊन सांग, आईच्या मागे. लोक ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे होतात, पण नीट सांगितलं तर बहुतेकांना कळतं. आई एकटीच रस्त्यावर दिसली तर तुला फोन करणारं कुणीतरी त्यामुळे तयार होतं.

खरं भांडण मला तुझ्याशी शिवणयंत्रावरून करायचंय.

तू ते उचललंस ते काळजीपोटी, पण त्याबरोबर तिचा दिवसच उचलून नेलास. ५० वर्षं ज्या बाईचे हात एक क्षण थांबले नाहीत ती आता खिडकीशी बसून आहे, आणि संध्याकाळी बेचैन होते म्हणून आपण आजाराला दोष देतो. हातांची सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहते. शिवणं, घडी घालणं, सायकल चालवणं यांची स्मृती नावं-तारखांच्या स्मृतीपेक्षा बरीच जास्त टिकते. आपण आज काय केलं हे आई सांगू शकणार नाही, पण सुईत दोरा ओवायला दिलास तर कदाचित तुझ्याआधी ओवेल. सुरुवात साधी कर: बटणांचा डबा आणि रंग वेगळे करायचं काम. मग सुटलेली टीप, उसवलेला काठ, तू शेजारी असताना. मग यंत्र, तेही तू बाजूला बसलेली असताना. उठलीस की बंद. एका वेळी एकच गोष्ट सांग. ‘हे कापड धर.’ धरलं की पुढचं. टीप वाकडी आली तर तिच्यादेखत उसवू नकोस. काम संपलं म्हणून रात्री उसवून सकाळी तेच कापड परत दिलंस तरी चालेल. (हा सल्ला देताना मला जरा चोरट्यासारखं होतं, पण मी तो स्वतः वापरलाय.) सुई टोचेल कधीतरी. आयुष्यभर टोचलीच आहे.

गॅसचा धोका मात्र वेगळ्या जातीचा आहे. तिथे तुझं बरोबर, सिलिंडरचा रेग्युलेटर बंदच ठेव.

आंघोळीला ती नाही म्हणते कारण तिला बहुधा भीती वाटते. थंडी वाजते, पाण्याची खोली आणि जमिनीचा उतार नीट उमगत नाही, डोक्यावर अचानक पाणी येतं आणि कुणीतरी कपडे काढतंय. तुलाही आवडलं नसतं. न्हाणीघर आधी ऊबदार कर, खांद्यांवर टॉवेल राहू दे, पाणी पायांपासून सुरू कर, तांब्या तिच्याच हातात दे. ‘आंघोळ’ हा शब्दही काढू नकोस; ‘चल, पाय धुऊ या’ म्हण. रोज आंघोळ झालीच पाहिजे असंही नाही. मधल्या दिवशी कोमट ओल्या टॉवेलने अंग पुसलंस तरी स्वच्छता राहते.

घरावरून एकदा तिच्या नजरेने फिरून ये. दारातलं काळं पायपुसणं तिला खड्ड्यासारखं दिसू शकतं. संध्याकाळी सावल्या लांबायच्या आधीच दिवे लाव. रात्री शौचालयाचा दिवा चालू आणि दार उघडं. ताटलीचा आणि अन्नाचा रंग एकच असेल तर अन्न नीट दिसत नाही आणि आपण म्हणतो भूक मेली. उठून दिसणाऱ्या गडद रंगाच्या ताटलीत वाढून बघ. चष्मा आणि कान तपासलेत का? ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण फार पटकन भ्रमिष्ट ठरवतो.

एक गोष्ट लक्षात ठेव, ही थांबण्यासारखी नाही. हा आजार महिन्यामहिन्यांनी सरकतो. दोन दिवसांत आई एकदम बदलली, बरळायला लागली, गुंगीत राहिली किंवा तिला नसलेली माणसं दिसू लागली, तर ‘आजार वाढला’ म्हणून बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. मागे बहुतेकदा लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, न सांगता आलेलं दुखणं किंवा नवी गोळी असते. सर्दीच्या आणि झोपेच्या काही जुन्या गोळ्यांनी असा गोंधळ उडतो, तेव्हा दुकानातून परस्पर काही आणून देऊ नकोस. डोनेपेझिलसारख्या औषधांनी काहींना काही काळ थोडा आधार मिळतो; गेलेलं परत येत नाही. ‘शांत राहायची गोळी द्या’ असं कुणी सुचवलं तर डॉक्टरांना खोदून विचार. मनोविकारांवरच्या या गोळ्यांनी डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश, असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ साली दिला होता. कधी त्या लागतातही, पण थोड्या काळासाठी आणि शेवटचा उपाय म्हणून.

आता भाऊ. दहा मिनिटांच्या फोनवर आई छान बोलणारच. ‘कसा आहेस, जेवलास का, मुलं काय म्हणतात’ ही वाक्यं तिच्या जिभेवर घडी घालून ठेवलेली आहेत, त्यांना स्मृती लागत नाही. त्याला समजावण्यात दम घालवू नकोस. त्याला दहा दिवस बोलावून घे आणि त्याला घरी ठेवून तू बाहेर जा. मैत्रिणीकडे, कुठेही. तू घरात असलीस तर तो पाहुणा राहील. चौथ्या संध्याकाळी तो तुला फोन करेल, तेव्हा ‘सांगितलं होतं ना’ म्हणू नकोस, मनात म्हण. मग बसून ठरवा: महिन्याचे किती दिवस त्याचे, मदतनीस ठेवायची तर पैसे कुणी द्यायचे. बँकेचे आणि मालमत्तेचे कागद आईला अजून समजतंय तोवर तिच्या मर्जीने करून घ्या, हे लांबवू नका.

झेपेल का, विचारलंस. एकटीला नाही झेपणार. वाटून घेतलं तर पुष्कळ दिवस झेपेल. पुढे ती रात्री-अपरात्री दार उघडून जायला लागली, तुला एकटीला उचलता येईना, किंवा तुझा हात पुन्हा तिच्या दंडावर गेला, तर दुसऱ्या सोयीचा विचार कर आणि त्याची लाज बाळगू नकोस. तशी जागा शांतपणे आत्ताच बघून ठेव, घाईत नको.

आज संध्याकाळी ती विचारेल. त्याआधी बटणांचा डबा काढून ठेव. तिने विचारलं की तिच्या ओंजळीत पाच-सहा बटणं ओत आणि म्हण, ‘आई, बाबांच्या सदऱ्याला यातलं कुठलं शोभेल गं?’

– तुझी ताई