वाचकांचे प्रश्न : जुना टर्नटेबल घेताना

प्रश्न : वडिलांच्या ध्वनिमुद्रिका ऐकण्यासाठी मी जुना टर्नटेबल आणि ॲम्प्लिफायर शोधत होतो. ऑनलाइन जाहिरातीत टेक्निक्सचा टर्नटेबल आणि मरान्ट्झचा ॲम्प्लिफायर असा संच 22 हजार रुपयांना दिसला. विक्रेता लोहगावला हवाई दलात असल्याचे सांगतो आणि त्याने ओळखपत्राचे छायाचित्रही पाठवले आहे. तळावर बाहेरच्यांना प्रवेश नसल्याने सामान घरपोच येईल, असे सांगून त्याने 2 हजार रुपये आगाऊ घेतले. आता तो 'गेटपास'चे 5 हजार मागतो आणि क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकल्यास ते लगेच परत मिळतील, असे म्हणतो. पुढे जावे का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही, आता एक रुपयाही देऊ नये. यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. हे उत्तर वाचताच सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करून व्यवहार क्रमांकासह तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे, कारण असे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवले जातात आणि जितका उशीर होईल तितकी ते गोठवले जाण्याची शक्यता कमी होते. संभाषण पुसू नये आणि त्या माणसाशी वादही घालू नये.

पुण्यात लष्कराच्या दक्षिण कमांडचे मुख्यालय आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे, लोहगावला हवाई दलाचा तळ आहे. गणवेशातल्या माणसावर विश्वास ठेवणे आपल्या अंगवळणी पडले आहे आणि नेमका त्याच विश्वासाचा असा वापर व्हावा, याचे मला फार वाईट वाटते. ओळखपत्राचे छायाचित्र दुसऱ्या कुणाचेही असू शकते, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून पुढच्या वेळी विक्रेत्याच्या ओळखीपेक्षा यंत्राची चौकशी करावी. ॲम्प्लिफायरच्या मागच्या पाटीवर किती व्होल्ट लिहिले आहेत, हे विचारावे. जपानच्या बाजारासाठी बनलेली यंत्रे 100 व्होल्टवर चालतात आणि आपल्याकडे पुरवठा 230 व्होल्टचा असतो; ज्याने असे यंत्र खरोखर वापरले आहे, त्याला व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो हे ठाऊक असते. मग यंत्राशेजारी आपले नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून चित्रफीत मागवावी. तिच्यात टर्नटेबल फिरताना दिसावा (टेक्निक्सच्या एसएल-1200 मध्ये योग्य गतीला थाळीच्या कडेचे ठिपके स्थिर दिसतात), आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते का ते ऐकू यावे आणि डावा व उजवा असे दोन्ही स्पीकर वाजावेत. केवळ दुसरीकडून उचललेली छायाचित्रे ज्याच्याकडे आहेत, त्याला हे जमत नाही. तो घाई करतो, रागावतो किंवा 'दुसरे गिऱ्हाईक तयार आहे' असे सांगतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या, म्हणजे तपकीर गल्लीच्या, परिसरात किंवा आपल्या ओळखीच्या कारागिराकडे यंत्र आणून दाखवण्यास खरा विक्रेता सहसा हरकत घेत नाही. ते ऐकून झाल्यावरच, समोरासमोर पैसे द्यावेत आणि पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे खातेदाराचे नाव विक्रेत्याच्या नावाशी जुळते का, ते पाहावे.

प्रश्न : मी स्पीकरची जोडी विकत आहे. ग्राहकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला आहे आणि चुकून 3 हजार जादा गेल्याने ते परत मागतो आहे. काय करावे?
— एक वाचक, औंध

उत्तर : स्क्रीनशॉट बनावट असू शकतो आणि बँकेच्या नावाचा एसएमएससुद्धा. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जमा रक्कम स्वतः पाहावी. ती जमा नसेल, तर परत करण्यासारखे काहीच नाही. जमा असेल, तर त्याने सांगितलेल्या दुसऱ्या खात्यावर पैसे न पाठवता त्याला त्याच्या स्वतःच्या बँकेकडे अर्ज करण्यास सांगावे.