आधी मान, मग कान

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज तीन-चार तास शास्त्रीय गाणं ऐकतो. जुन्या घरगुती मैफिलींच्या टेपही बऱ्याच आहेत. चष्मा कायमचा. सध्या सेनहायझर एचडी ६५० वापरतो. मुलगा आता एखादा भारी हेडफोन घेऊन देतो म्हणतोय. सेनहायझरचाच एचडी ८०० एस की ऑडिझीचा एलसीडी-एक्स, असा पेच आहे. भाचा म्हणतो, इक्वलायझरने दुरुस्ती केली की सगळे हेडफोन सारखेच वाजतात. हे खरं का? आणि इक्वलायझर लावणं म्हणजे गाण्यात भेसळ नव्हे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भेसळीची शंका आधी दूर करते, कारण ती माझ्याही मनात कित्येक वर्षं होती. मिरज तुमच्या शेजारीच आहे. तिथला कारागीर तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा झंकार, काढतो, मग वाजवणारा तारेखालचा सुताचा धागा केसभर मागेपुढे सरकवून नेमकी जागा शोधतो. त्याला आपण तंबोरा लावणं म्हणतो. हेडफोनचंही असंच, इक्वलायझरने आवाजाचे खालचे-वरचे भाग कमी-जास्त करून, लावून घ्यावं लागतं.

समोरच्या स्पीकरचा आवाज आपल्या डोक्यावर, कानाच्या पाळीवर आदळून आत जातो आणि ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला ३००० कंपनांच्या) आसपास कानातच बराच वाढतो. हेडफोन कानाला चिकटून बसतो, त्यामुळे ही वाढ त्याला स्वतःहून द्यावी लागते. ती किती द्यायची याचा प्रत्येक कंपनीचा अंदाज वेगळा. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मन या ऑडिओ कंपनीत ऐकणाऱ्यांच्या चाचण्या घेऊन, आवाजाचा कुठला भाग किती मोठा असावा याची बहुतेकांना आवडणारी एक रेषा शोधली. आज अनेक दुरुस्त्या तिच्याच आधाराने होतात. संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मापं तपासली, तेव्हा आवाजाचा हा समतोल आणि किंमत यांचा काही संबंध लागला नाही. तेव्हा भाच्याचं बरंचसं बरोबर आहे.

आता तुमचं ऐकणं. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, साधारण ६९ हर्ट्झवर असतो. एचडी ६५० चा आवाज त्याच्याही खाली जाताना उतरत जातो. एलसीडी-एक्स थेट तळापर्यंत जातो, पण तिथे तुमच्या गाण्यातलं फारसं काही नसतंच. जवारी, शब्दांची धार, तबल्याची चाट यांचा जीव वरच्या भागात, २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये. एलसीडी-एक्समध्ये नेमका हाच भाग मागे राहतो, म्हणून गायक दोन पावलं मागे बसल्यासारखा वाटतो. तिथे तीन-चार डेसिबल चढवले की तो पुढे येतो. एचडी ८०० एस चं उलट आहे. २००९ च्या मूळ एचडी ८०० मध्ये ६००० च्या जवळ एक टोचणारा उंचवटा होता. एस मध्ये तो बराच कमी केला आहे, तरी उजळपणा राहतोच, आणि जुन्या टेपची खरखर त्यात पुढे येते. तिथे दोन-तीन डेसिबल उतरवा.

एवढं केल्यावर तिघांचा सूर आश्चर्य वाटावं इतका जवळ येतो. एचडी ८०० एस चा मोकळेपणा तेवढा वेगळा राहतो. मोठी वाटी, कान कुठे टेकत नाही, आवाज काढणारा पडदा तिरका बसवलेला. असा मोकळेपणा इक्वलायझरने दुसऱ्यात आणता येत नाही.

वजनालाही दुरुस्ती नाही. केबल सोडून एचडी ६५० सुमारे २६० ग्रॅम, एचडी ८०० एस ३३०, एलसीडी-एक्स ६१२. मी घरी जुन्या स्पूल टेप डिजिटल करते, दिवसाचे पाच-सहा तास. काही वर्षांपूर्वी मीही सहाशेच्या वरचा एक हेडफोन हौसेने घेतला. आवाज असा, की पहिल्या रात्री उठवेना. तिसऱ्या आठवड्यात मान धरली, ती दोन महिने सुटली नाही. अजूनही त्या आवाजाची आठवण येते, पण हेडफोन मी एका विद्यार्थ्याला देऊन टाकला.

चष्म्याकडे तर कोणीच लक्ष देत नाही. काडीमुळे पॅड आणि गाल यांच्यात फट राहते आणि खालचा आवाज गळतो. इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार दुरुस्त्या पुतळ्याच्या डोक्यावर किंवा कृत्रिम कानावर मोजलेल्या असतात, आणि तिथे चष्मा नसतो! म्हणून २०० हर्ट्झच्या खालचं चष्मा घालून, स्वतःच्या कानाने पुन्हा ठरवा. ८००० च्या वरचं मात्र सोडून द्या. तिथे प्रत्येकाचा कान वेगळा, आणि हेडफोन थोडा सरकला तरी आकडे बदलतात.

माझा सल्ला असा : आधी एचडी ६५० चे पॅड बदला. दबलेल्या पॅडमुळे कान पडद्याजवळ जातो, आवाज बदलतो आणि तयार दुरुस्ती लागू पडत नाही. मग विंडोजवर इक्वलायझर एपीओ किंवा अँड्रॉइडवर वेव्हलेट घ्या. या दोन्ही प्रोग्रॅममध्ये ऑटोईक्यू या संग्रहातल्या तयार दुरुस्त्या वापरता येतात. जितके डेसिबल चढवाल तितके, किंबहुना थोडे जास्तच, एकूण पातळीतून कमी करा, नाहीतर सम आली की आवाज फाटेल. दुरुस्ती लावून आणि काढून ताडून पाहताना दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा ठेवा. किंचित मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो, यात मी स्वतः फसले आहे.

तरीही मुलगा काही घेऊन देणारच असेल, तर एचडी ८०० एस. पण पैसे देण्यापूर्वी तो कुणाकडून तरी घरी आणा, गाणं न लावता, चष्म्यासकट दीड तास डोक्यावर ठेवा आणि पेपर वाचा. हात आपोआप कानाकडे गेला तर तो परत करा. इक्वलायझर लावताना मैफिलींच्या टेपवर विसंबू नका. त्यांत मायक्रोफोनचा आणि टेपचा रंग मिसळलेला असतो. घरात तंबोरा असेल तर तोच छेडा, आणि लगेच एखाद्या चांगल्या ध्वनिमुद्रणातला तंबोरा हेडफोनवर ऐका.