मात्रा ६३०चं पार्सल, पावती आणि वायपर

"मात्रा ६३०चं १/४३ रेझिन किट फ्रान्सहून मागवलंय, कुरिअरवाले गाडीचे कागद मागतायत, काय करू?" तुमची ही पोस्ट वाचून हसू आलं आणि जुनी जखमही ठसठसली. (नवख्यांसाठी: मात्रा ६३० ही फ्रेंच रेसगाडी, आणि किट म्हणजे तिच्या ४३ पट लहान प्रतिकृतीचे जोडायचे सुटे भाग.)

माझ्या वेळी चूक माझीच होती. पावतीवर सगळं नीट लिहा, असा शहाणपणा मीच विक्रेत्याला शिकवला. त्याने लिहिलं: 'मात्रा एमएस ६३०, व्ही-१२, ३ लिटर, १९६८'. झालं! कुरिअरच्या कार्यालयातून (नाव घेत नाही) फोन: चासी नंबर द्या, जुन्या गाडीच्या आयातीचा परवाना दाखवा. अहो, तळहातावर मावते ती! "साहेब, कागदावर तसं कुठे लिहिलंय?" खिडकीवरच्या एकाने तर 'मात्रा' वाचून आयुर्वेदिक औषध आहे का, असं विचारलं. तिथे माझी कुठलीच मात्रा चालली नाही. तीन खेपा, पाच आठवडे, आणि डॅमरेज, म्हणजे पार्सल पडून राहिल्याचं भाडं, किटच्या किमतीपेक्षा जास्त. शेवटी विक्रेत्याकडून 'न जोडलेलं रेझिन स्केल मॉडेल' आणि वजन ग्रॅममध्ये, अशी नवी पावती आणली तेव्हा सुटलं. तुम्ही अशी पावती आजच मागवा. 'टॉय' मात्र लिहू देऊ नका, खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राचं) वेगळं लचांड आहे. मी काही कस्टम्स एजंट नाही आणि नियम बदलतात, तेव्हा खात्री करून घ्या.

रंगकामाचं तुम्हाला सांगायला नको. पण वायपर लावायचाच! '१९६८च्या ल मांला (फ्रान्समधली २४ तासांची शर्यत) ड्रायव्हर पेस्कारोलोने ही गाडी वायपरशिवाय चालवली' एवढंच वाचून लोक तो गाळतात, आणि माझं डोकं फिरतं. अहो, तो बंद पडला होता, गळून पडला नव्हता. फ्रान्समधल्या मे महिन्यातल्या आंदोलनांमुळे त्या वर्षीची ल मां जूनऐवजी २८-२९ सप्टेंबरला झाली, म्हणजे रात्र आणखी लांब, त्यात पाऊस. जोडीदार सेर्व्हो-गाव्हँने अशा गाडीत बसायला नकार दिला, तरी आंरी पेस्कारोलो चालवत राहिला आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. पुढे रविवारी टायर फुटला, आग लागली, गाडी बाद. माझ्या मते १९७२ला त्याने ग्रॅहम हिलबरोबर ल मां जिंकलेल्या मात्रा ६७०पेक्षा ही हरलेली गाडीच कपाटात हवी. पटत नसेल तर सोडून द्या.

वायपर सुपरग्लूने चिकटवू नका, वाफेने काच पांढरी पडते. टाचणीच्या टोकावर मावेल एवढा फेव्हिकॉल पुरतो.